मुखवट्याआडचं जनावर
(बालरंगभूमी संमेलन, गारखेडा, छत्रपती संभाजीनगर : अध्यक्षीय भाषण)



 संमेलनाध्यक्षाने बालरंगभूमीचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये लिट्ल थिएटर सुरू केलं, रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’ने त्याचा पडदा उघडला, पु. ल., तेंडुलकर, सई परांजपे यांनी मुलांसाठी नाटकं लिहिली, 1986 मध्ये पुण्यात ग्रिप्सची चळवळ आली. हा इतिहास इथल्या बहुतेकांना तोंडपाठ आहे. तो पुन्हा सांगून पुढे सतरंजीवर बसलेल्या मुलांची चुळबुळ वाढवायची माझी इच्छा नाही. मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. प्राण्यांच्या जुन्या गोष्टी आपण नाटकात आणि सिनेमात आणतो, तेव्हा त्यातल्या प्राण्याचं काय होतं?

गॅदरिंगच्या दिवसांत कुठल्याही शाळेच्या मांडवात जाऊन बसा. ससा आणि सिंहाची गोष्ट असतेच. ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेला सिंहाचा पोशाख मुलाला दोन मापं मोठा. तोंडावर मुखवटा, त्यामुळे आवाज आतच घुसमटतो. म्हणून संवाद आधी रेकॉर्ड करून पेनड्राइव्हवर आणलेले. ट्रॅक वाजतो, मोठ्या माणसाच्या आवाजात डरकाळी येते आणि आतला नऊ वर्षांचा मुलगा घामाघूम होऊन हात हलवत राहतो. मधेच सिनेमाच्या गाण्यावर जंगलाचा नाच होतो. शेवटी सगळे रांगेत उभे राहून तात्पर्य सांगतात. टाळ्या पडतात, फोटो निघतात. शिक्षकांची मेहनत खरी असते, पोरांची हौस तर त्याहून खरी. पण एवढ्या वेळात सिंह कुठे दिसला? चाहूल लागताच सशाचं थिजून जाणं कुठे दिसलं? माणसंच माणसांना उपदेश करत होती, अंगावर तेवढे केस होते.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. रूपांतर करणाऱ्याने आधी त्या जनावराशी इमान राखावं, बोधाचं नंतर पाहावं. प्राणी बोलला तरी हरकत नाही, धोतर नेसून आला तरी हरकत नाही. मात्र त्याची भूक, त्याची भीती आणि त्याची चाल त्याचीच असली पाहिजे.

याचे दाखले शोधायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. इथून 50 किलोमीटरवर पैठण आहे. सातवाहनांच्या या राजधानीतल्या गुणाढ्याने ‘बृहत्कथा’ रचली, असं परंपरा सांगते. तिची हकिगत काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागरा’त दिली आहे. पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने लिहिलेली सात लाख श्लोकांची ती कथा राजाने झिडकारली. गुणाढ्याने डोंगरावर अग्निकुंड पेटवलं आणि एकेक पान मोठ्याने वाचून तो आगीत टाकू लागला. ऐकायला रानातली हरणं, डुकरं, रेडे जमले. डोळ्यांत पाणी आणून, चरणं विसरून ते बसून राहिले. तिकडे राजाच्या ताटात वाळकं मांस येऊ लागलं, राजा आजारी पडला, चौकशी झाली आणि कारण कळलं. राजा धावत आला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते.

दरबाराने नाकारलेली गोष्ट जनावरांनी मन लावून ऐकली. रूपांतर करणाऱ्याला मी हीच कसोटी सुचवतो. तुमच्या नाटकातला कोल्हा पाहायला खरा कोल्हा आला, तर तो बसून राहील की उठून जाईल?

दुसरा दाखला 100 किलोमीटरवरच्या अजिंठ्याचा. छद्दंत जातकाची गोष्ट तिथे एकाच डोंगरात दोनदा रंगवली आहे. दहाव्या लेण्यात इसवी सनापूर्वी आणि सतराव्या लेण्यात पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात. सहा सुळ्यांचा गजराज, त्याच्यावर रुसून मेलेली आणि पुढच्या जन्मी राणी झालेली हत्तीण, तिने सुळे आणायला धाडलेला शिकारी, आणि सुळे समोर येताच कोसळलेली राणी. एवढ्या शतकांच्या अंतराने केलेली ही एकाच गोष्टीची दोन रूपांतरंच आहेत. दहाव्या लेण्यातल्या हत्तींसमोर थोडा वेळ उभे राहा. कळप कमळांच्या तळ्यात खेळतो आहे. चित्रकाराने हत्ती डोळे भरून पाहिले होते, हे रेषेरेषेतून कळतं. हा गजराज म्हणजे साक्षात बोधिसत्त्व. तरीही त्याला माणसाचा चेहरा दिलेला नाही. शोक दिसतो तो राणीच्या कलंडलेल्या देहात आणि तिला सावरणाऱ्या दासींच्या हातांत. माणसाच्या भावना माणसाकडे आणि हत्तीचं वागणं हत्तीकडे, अशी ती वाटणी आहे. आपल्या पटकथाकारांनी ही भिंत एकदा नीट वाचावी.

तिसरा दाखला पैठणच्या संत एकनाथांचा, आपल्या नाथमहाराजांचा. त्यांचं विंचवाचं भारूड रंगात येतं तेव्हा रंगमंचावर विंचू नसतो. भारूडकार एकदम पाय उचलतो, पोटरी आखडते, कळ मांडीतून वर चढते, शब्द अडखळतात, आणि पुढे बसलेली पोरं आपापले पाय जवळ ओढून घेतात. कागदाचा विंचू दोरीला बांधून सोडला असता, तर तीच पोरं हसली असती.

आता प्रत्यक्ष कामाचं बोलू. पंचतंत्रातलं पहिलं तंत्र, मित्रभेद, आपल्या सगळ्यांच्या हाताशी आहे. वर्धमान व्यापाऱ्याच्या गाडीचा संजीवक बैल यमुनेकाठी पाय मोडून बसतो आणि तांडा त्याला टाकून पुढे जातो. कोवळं गवत खाऊन तो सावरतो, माजतो आणि एक दिवस डुरकतो. पाणी प्यायला आलेला पिंगलक सिंह त्या आवाजाने जागीच थबकतो. असा आवाज त्याने कधी ऐकलेला नाही. रानाचा राजा न दिसणाऱ्या प्राण्याला घाबरला आहे आणि आपली भीती कुणाला कळू नये म्हणून धडपडतो आहे. याहून चांगला पहिला प्रवेश कुठला नाटककार लिहून देणार?

आपण मात्र पडदा उघडताच शिंगं लावलेला बैल उभा करतो आणि तो ‘मी संजीवक’ म्हणून ओळख करून देतो. सगळी गंमत तिथेच संपते. माझा आग्रह असा की पहिल्या प्रवेशात बैल दिसूच नये. विंगेत एक ढोल आणि एक रिकामी घागर ठेवा. घागरीत तोंड घालून एका मुलाने डुरकावं आणि तो घुमारा सभागृहात पसरू द्यावा. सिंह झालेल्या मुलाने पाण्यावर झुकलेलं डोकं हळूच वर उचलावं, अंग आखडून घ्यावं, एक पाऊल मागे सरकावं. करटक आणि दमनक हे दोघे कोल्हे. त्यांनी सरळ चालू नये, बाजूबाजूने यावं, वारा हुंगत यावं. मुखवटा हवाच असेल तर तो कपाळावर बांधा आणि तोंड मोकळं ठेवा. संवाद मुलांनी स्वतःच्या आवाजात म्हणावेत. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला शिकवणं हे शिबिराचं कामच आहे. मित्रभेदातच झाडाच्या फांद्या आपटून वाजणाऱ्या ढोलाला घाबरलेल्या कोल्ह्याची उपकथा आहे. म्हणजे ध्वनिसंयोजनाची सूचना मूळ ग्रंथकारानेच देऊन ठेवली आहे.

खरी कसोटी शेवटी लागते. दमनकाच्या चुगल्यांना भुलून पिंगलक आपल्या मित्राला, संजीवकाला, ठार मारतो. आपली रूपांतरं इथे हमखास कच खातात. लबाडी उघडी पडते, बैल आणि सिंह गळ्यात गळे घालतात, वर फुलं पडतात. मुलांना मरण सोसणार नाही, असं कारण आपण देतो. शेवट पटत नसल्याचा असाच पेच आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाला पडला होता. पंचतंत्र पहलवीमार्गे अरबीत नेताना करटक-दमनकाचे ‘कलीला व दिमना’ झाले. लबाड मोकळा सुटतो हे त्याला रुचलं नाही, म्हणून त्याने दिमनाच्या खटल्याचं एक नवं प्रकरण जोडलं आणि त्याला शिक्षा देवविली. पण मेलेला बैल त्याने जिवंत केला नाही. भर घाला, छाटा, काळ बदला. तेवढा हक्क रूपांतरकाराला आहे. जे घडलं ते घडलंच नाही असं सांगण्याचा हक्क त्याला नाही. आणि मराठवाड्याच्या पोरांना मरण सोसत नाही, हे कुणी ठरवलं? दुष्काळात दावणीचा बैल बाजाराकडे निघालेला पाहिलेली ही पोरं आहेत.

मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’ने 2008 मध्ये नेमकं हेच पडद्यावर मांडलं. जायबंदी झालेला चितंग्या बैल, पेरणी तोंडावर आलेली, पैसा नाही, आणि बैल कसायाला देऊ नये म्हणून हटून बसलेला पोरगा. बैल चित्रपटभर एक शब्द बोलत नाही. तो बसलेला असतो, श्वास घेत असतो. आणि कॅमेऱ्याला घाई नसते. टिंग्या झालेल्या शरद गोयेकरला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी उमेश कुलकर्णींचा ‘वळू’ आला. गावातल्या प्रत्येक भानगडीचं खापर डुरक्या नावाच्या वळूवर फुटतं, आणि तो आपला बैलासारखा हिंडत असतो. हे दोन्ही चित्रपट जुन्या गोष्टींवर बेतलेले नाहीत. पण जनावराकडे कसं बघावं, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

पैसा अमाप असला की उलट मोह होतो. किपलिंगच्या मोगलीचं जंगल आपल्या पेंचला लागून असलेल्या सिवनीचं. 2016 च्या ‘द जंगल बुक’मध्ये ते लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत संगणकावर उभं राहिलं. कारागिरी थक्क करणारी आहे. पण केसन् केस खरा वाटणारं जनावर माणसासारखं बोलू लागलं, की डोळा आणि कान यांचं जमत नाही. रंगमंचाने हा पेच अधिक शहाणपणाने सोडवला आहे. मायकेल मॉर्पर्गो यांच्या ‘वॉर हॉर्स’ या 1982 च्या कादंबरीत घोडाच गोष्ट सांगतो. 2007 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने तिचं नाटक केलं, तेव्हा घोड्याची वाचा काढून घेतली. दक्षिण आफ्रिकेच्या हँडस्प्रिंग कंपनीने घोड्याची प्रचंड बाहुली घडवली. ती हलवणारे तिघे प्रेक्षकांना उघड दिसतात, तरी कान हलले, छाती वरखाली झाली, की समोर घोडाच असतो. आपल्याकडे रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्या आहेत, पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री आहेत. हे कसब आपल्या बालनाट्यात किती उतरलं, याचा विचार आपण करायला हवा.

दोन व्यावहारिक गोष्टी. खरं जनावर चित्रपटात आणायचं असेल, तर 2001 च्या नियमांनुसार भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्याकडून खेळ करून घ्यायला तर बंदीच आहे. हा जाच समजू नका, तो गोष्टीतल्या जनावराशी राखलेल्या इमानाचाच भाग आहे. दुसरी गोष्ट कॉपीराइटची. पंचतंत्र, जातक, इसाप सर्वांसाठी मोकळे आहेत. सदाशिव काशिनाथ छत्र्यांची 1828 ची ‘इसपनीतिकथा’ही मोकळी आहे. पण आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे असतो. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ घ्या. ते मुलांसाठी लिहिलेलं नाही, तरी वानरांच्या टोळीची ही गोष्ट मोठ्या मुलांच्या रंगमंचावर यावी असं मला फार वाटतं. कुणी धजावलं तर आधी लेखी परवानगी घ्या आणि जाहिरातीत लेखकाचं नाव ठळक छापा.

आता मागण्या. संत एकनाथ आणि संत तुकाराम या दोन्ही नाट्यगृहांत रविवार सकाळची वेळ बालनाट्यासाठी सवलतीच्या भाड्यात राखून ठेवावी, ही महापालिकेला विनंती. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाने बाल-रूपांतराची कार्यशाळा दरवर्षी घ्यावी. ‘जिगीषा’सारख्या संस्थेची मंडळी ज्या शहराने मराठी रंगभूमीला दिली, त्या शहराला हे जड नाही. स्पर्धेच्या परीक्षकांना हात जोडून सांगणं, की भाड्याच्या पोशाखाच्या झगमगाटाला गुण देऊ नका. आणि लेखकांनो, आफ्रिकेच्या सिंहाला थोडी विश्रांती द्या. गौताळ्याचा बिबट्या, नाथसागरावर उतरणारे रोहित पक्षी, माळावरचं काळवीट, धनगराचं मेंढरू यांना आपल्या नाटकात अजून जागा मिळायची आहे.

शिबिरचालकांना माझं एकच आवाहन. पुढच्या वर्षी एक तरी प्रयोग मुखवटा, ट्रॅक आणि तात्पर्य यांच्याशिवाय करा. तालमीचा पहिला दिवस हॉलमध्ये घालवू नका. मुलांना सलीम अली सरोवरावर न्या, आठवडी बाजारात बैलांपाशी न्या, आणि जे पाहिलं ते अंगाने करून दाखवायला सांगा. संहिता त्यानंतर हातात द्या.

आणि बालमित्रांनो, आता तुमचा गृहपाठ. घरी जाताना एखादं कुत्रं, एखादी खार दिसली, तर थांबा आणि ती निघून जाईपर्यंत बघत राहा. आईबाबा घाई करतील. त्यांना सांगा, संमेलनाच्या अध्यक्षांनीच सांगितलंय.