रद्द झालेलीं पुस्तकें



इ. स. १८५० सालीं कोल्हापुरांत ‘नेटिव्ह लायब्ररी’ स्थापन झाली. तीच आजची ‘करवीर नगर वाचन मंदिर’ ही संस्था. रत्नागिरीचें नगर वाचनालय तिच्याहूनही जुनें, १८२८ चें. पुस्तक विकत घेणें मोजक्या घरांनाच परवडे त्या काळीं अशा संस्थांनीं एकच प्रत शेंकडों हातांत दिली. माझ्या मतें वाचनालयाचें खरें भांडवल तेंच होय.

वाचनालयांत वाढलेल्या माणसास पुढें एक व्यसन जडतें : वाचनालयांनीं काढून टाकलेलीं पुस्तकें रद्दीच्या दुकानांतून हुडकून घरीं आणण्याचें. मलाही तें जडलें आहे. पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का, त्यावर तांबड्या शाईनें ‘रद्द’ असा शेरा आणि अखेरच्या पानावर परतीच्या तारखांची चिठ्ठी. ती चिठ्ठी मी मजकुराइतक्याच आवडीनें वाचतों.

पुस्तकें काढणाऱ्या ग्रंथपालास दोष देणें सोपें आहे, पण न्याय्य नव्हे. लांकडाच्या लगद्याचा जुना कागद आम्लामुळें पिवळा पडतो व हात लावतांच तुटतो. कपाटेंही मोजकींच असतात. डॉ. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे जे पांच सिद्धांत मांडले, त्यांत ग्रंथालय हें वाढणाऱ्या जीवासारखें मानलें आहे. झाड वाढावयाचें, तर जुनीं पानें गळावयाचींच.

परंतु गळलेलें पान उचलणाऱ्याचें कर्तव्य काय? गेल्या वर्षीं एक विद्यार्थिनी घरीं आली. तिला हवें असलेलें एक जुनें चरित्र वाचनालयांत उरलें नव्हतें. तेथीलच रद्द झालेली प्रत माझ्या कपाटांत होती. पानें तुटतील, या सबबीवर मीं नकार दिला. ती गेल्यावर सहज चिठ्ठी उघडली. तीवर २७ तारखा होत्या. वाचनालयानें २७ वेळां विश्वासानें बाहेर दिलेलें पुस्तक अठ्ठाविसाव्या वेळीं मीं अडवून धरलें होतें! वाचनालयानें प्रत रद्द केली. तिचें वाचन मात्र मीं रद्द केलें.

२०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेच्या महापुरानें सांगलीच्या जिल्हा नगर वाचनालयांतील हजारों ग्रंथ भिजवून टाकले. अशा प्रसंगीं घरोघरीं विखुरलेल्या प्रती हीच आपल्या वाङ्मयाची ठेव ठरते. पण ती कोणाच्या घरीं आहे हेंच ठाऊक नसेल, तर तिचा उपयोग कोणास?

म्हणून दुसऱ्या दिवशीं मीं तें चरित्र तिच्या घरीं नेऊन दिलें, आणि माझ्या संग्रहाची यादी करून वाचनालयांत ठेवली. आपणांपैकीं ज्यांच्या घरीं अशीं पुस्तकें असतील, त्यांनींही एवढें करावें. यादीस चार पानें लागतील. पण कपाटांतील पुस्तकाच्या चिठ्ठीवर पुन्हां एक तारीख पडेल.