बातमी आणि खुशाली

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी त्यांनी स्वतः लिहून दिले.)



सचिव साहेबांनी मला विषय दिला 'परदेशातील आनंदी जीवन'. मी म्हटलं, साहेब, मी परदेशात राहिलो सारे सहा महिने, आणि त्यातले चार दार लावून. आनंदाचं मी काय सांगणार? ते म्हणाले, गुरुजी, म्हणूनच तुम्ही सांगा. तेव्हा जे सांगतो ते एका घाबरलेल्या माणसाचं सांगणं आहे असं समजा.

१ जुलै १९९८ ला आपला वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात आपण काही शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले, एस.टी.तले लोक एकत्र आलो आणि किन्हीराजात ही संस्था उभी केली. एन.ए.साठी किती चकरा मारल्या ते आपल्या पहिल्या सचिवांना ठाऊक होतं. त्यांच्याविषयी मी पुढे बोलणारच आहे. घरं बांधताना आपण प्रत्येकानं मुलांसाठी म्हणून एखादी खोली जास्तीची काढली. आज त्या खोल्यांत काय आहे? माझ्याकडे सोयाबीनची पोती आहेत. पोरं पुण्याला, हैदराबादला, आणि काही साता समुद्रापलीकडे. आमची लेक अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात एडिसन म्हणून गाव आहे तिथं.

ती गेली २००६ साली. त्याच वर्षी १ जुलैला पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वर्धा आणि आपलं वाशिम. लेक तिकडून फोनवर म्हणायची, "बाबा, इथं मराठी लोक भेटतात, गाव विचारतात. वाशिम सांगितलं की चेहरा पाडून म्हणतात, तिकडेच ना त्या आत्महत्या?" आता ती बातमी खोटी होती का? नाही. आपल्या शिवारानं ते दुःख पाहिलेलं आहे, मी त्यावर पांघरूण घालणार नाही. पण त्याच वर्षी आपल्याकडे लग्नं झाली, शिरपूरला यात्रेकरू येतच होते, पोरं दहावी पास झाली, कुणाची विहीर लागली. ते कोण छापणार? हळूहळू लेकीच्याही मनात गाव म्हणजे एक काळा चौकोन होऊन बसलं. फोन केला की तिचा पहिला प्रश्न, "सगळं ठीक आहे ना?" आणि आवाज असा, जणू ठीक नसणारच.

उलट बाजूनं आम्ही काय कमी होतो? २०१२ च्या ऑक्टोबरच्या शेवटी सँडी नावाचं वादळ न्यू जर्सीवर आदळलं. मी इथं टीव्हीसमोर. पाणी, कोसळलेली झाडं, अंधारातली शहरं, तीच चित्रं पन्नास वेळा. लेकीचा फोन लागेना. दोन दिवस मी जेवलो नाही नीट. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. वीज नव्हती, म्हणून शेजारची तीन घरं मिळून गॅसवर खिचडी करून खात होती, पोरं मेणबत्तीच्या उजेडात पत्ते खेळत होती. ती म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा शेजाऱ्यांची नावं कळली. आमच्या सौ. म्हणाल्या, "वीज नाही याचं एवढं काय? आपल्याकडं तर भारनियमनात तिचं सगळं शिक्षण झालं." मला तेव्हा हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं. त्यात काही शिकण्यासारखं आहे हे कळायला २०२० उजाडावं लागलं.

जानेवारी २०२० मध्ये आम्ही दोघं लेकीकडे गेलो. परतीचं तिकीट मे महिन्याचं. पहिले दोन महिने फार छान गेले. एडिसनमध्ये ओक ट्री रोड म्हणून रस्ता आहे, तिथं आपली माणसं, आपली दुकानं, भाजीत अगदी गवार आणि कारलीसुद्धा. थंडी सोडली तर वाशिमच्या बाजारात फिरल्यासारखं. मग मार्च आला. इकडे भारतानं आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली, तिकडे न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत करोनानं थैमान घातलं. आमचं तिकीट रद्द. व्हिसा होता, पण मुक्कामाची मुदत सहा महिन्यांची, ती वाढवायला अर्ज करावा लागला.

आता एकाच घरात, एकाच वेळी दोन माणसं कशी राहिली ते सांगतो.

मी सकाळी उठलो की मोबाईलवर मराठी बातम्यांचं चॅनल लावायचो. तिकडची सकाळ म्हणजे इकडची संध्याकाळ, साडेनऊ तासांचा फरक. इकडचे दिवसभराचे आकडे तोवर तयार. ते संपले की दुपारी तिकडच्या गव्हर्नर साहेबांची पत्रकार परिषद, तिकडचे आकडे. जावयांना सांगून मी ती इंग्रजी अक्षरं मोठी करून घेतली होती. संध्याकाळी परत इकडचं, कारण इकडं पहाट होऊन वर्तमानपत्रं आलेली. म्हणजे दोन देशांचं मरण मी एकटा मोजत होतो. वहीत लिहून ठेवत होतो, हे सांगायला आज लाज वाटते. गणिताचा मास्तर, सवय जात नाही.

आणि सौ.? त्यांनी लेकीच्या बाल्कनीत चार कुंड्यांत मेथी टाकली. शेजारच्या गुजराती बेनशी कुंपणापलीकडून, सहा फूट अंतर ठेवून, मोडक्या हिंदीत गप्पा. जुन्या सुती साडीचे मास्क शिवून त्या रस्त्यावरच्या आठ-दहा घरांत पाठवले. नातीला धपाटे लाटायला शिकवलं. बातम्या? दिवसातून एकदा जेवताना विचारायच्या, "काय म्हणते तुमची वही?" मी सांगू लागलो की म्हणायच्या, "बरं, आता जेवा."

मला वाटायचं, हिला कशाचं काही गांभीर्य नाही.

एप्रिलमधली एक रात्र सांगतो. टीव्हीच्या खालच्या पट्टीत आलं, 'मालेगावात रुग्णांचा उद्रेक'. तुम्ही हसता आहात, कारण तुम्हाला समजलं. ते मालेगाव नाशिकचं. मलाही ठाऊक होतं हो, आयुष्य या तालुक्यात गेलं माझं! पण रात्री अकरा वाजता, दहा-बारा हजार किलोमीटरवर, मालेगाव हा शब्द वाचला आणि काळजात धस्स झालं ते झालंच. धाकट्या भावाला फोन लावला. लागेना. पुतण्याला लावला, बंद. पुन्हा पुन्हा लावत राहिलो. लेक उठली, जावई उठले, नात रडायला लागली. पहाटे तीनला, म्हणजे इथं दुपारी, भावाचा फोन आला. "काय झालं दादा? इतके फोन काऊन केले? हळद शिजवून राह्यलो ना वावरात, फोन घरी होता."

त्याच्या मागं कढईखालचा जाळ आणि माणसांचा गलका ऐकू येत होता. माझ्या तोंडून शब्द निघेना. दुसऱ्या दिवशी जावईबापू, जे माझ्याशी कधी आवाज चढवून बोलले नाहीत, शांतपणे म्हणाले, "बाबा, दिवसभर घरून काम करतो मी, रात्री झोप नाही. असं असेल तर तुमचा मोबाईल मी ठेवून घेईन." मला फार लागलं ते. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. लेकीची मधल्यामध्ये जी ओढाताण झाली ती मी पाहत होतो.

नंतर लेकीनंच मला एक अभ्यास वाचून दाखवला. २०१३ साली अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. कॅलिफोर्नियाच्या संशोधकांना असं आढळलं की स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून जास्त त्या बातम्या पाहणाऱ्यांना जो मानसिक ताण होता, तो प्रत्यक्ष स्फोटाच्या जवळ असलेल्यांपेक्षाही जास्त होता. मी माझे तास मोजले. सात भरले. त्याच्याही आधी, १९७० च्या दशकात, जॉर्ज गर्बनर नावाच्या प्राध्यापकांनी सांगून ठेवलं होतं की जो खूप टीव्ही पाहतो त्याला जग आहे त्याहून क्रूर वाटू लागतं.

मग मी मोबाईल खरोखरच लेकीच्या स्वाधीन केला. मे महिन्यात पूर्ण बंद. टीव्ही नाही, व्हॉट्सॲप नाही. खरं सांगतो, झोप लागायला लागली. मेथीला पाणी घालायचं काम मिळालं. गुजराती बेनच्या यजमानांशी बुद्धिबळ सुरू झालं, दोघं आपापल्या अंगणात, चाली ओरडून सांगायच्या. नातीला पाढे शिकवले, पावकी-निमकीसुद्धा. एडिसनपासून थोड्याच अंतरावर रोझेल नावाचं गाव आहे. १८८३ साली आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत आल्या तेव्हा तिथं कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. सगळं थोडं मोकळं झाल्यावर जावयांनी मला गाडीतूनच ते गाव दाखवून आणलं. आमच्यातला अबोला त्या फेरीत संपला.

गाडीत मी विचार करत होतो. आनंदीबाईंना घरचं पत्र मिळायला महिन्याहून जास्त लागायचा. १८-१९ वर्षांची मुलगी, परका मुलूख, ती थंडी. आणि गोपाळरावांची पत्रं काही नेहमी धीर देणारी नसत, संशयाचीही असत. म्हणजे बातमी कमी तर सुख जास्त, असं सोपं गणित मी मांडणार नाही. पण त्या बाईंनी तिथं कार्पेंटरबाईंना मावशी म्हणून नातं जोडलं, फिलाडेल्फियाला शिकून मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. जिथं पाय होते तिथं त्या राहिल्या. मी एडिसनमध्ये असून तिथं नव्हतो आणि किन्हीराजात तर नव्हतोच.

२०१८ सालच्या जागतिक आनंद अहवालात स्थलांतरितांचा खास अभ्यास आहे. माणूस ज्या देशात जातो, तिथल्या लोकांच्या सुखा-समाधानाच्या जवळपास पोचतो, मात्र मायदेशाचा ठसा थोडा राहतोच, असा त्याचा निष्कर्ष. थोडक्यात, आपली पोरं तिकडं रुजू शकतात. आपण इथून रोज मुळं उपटून पाहिली नाहीत तर.

इथपर्यंत सांगून थांबलो असतो तर सचिव साहेब खूश झाले असते. पण पुढचं सांगायलाच मी उभा आहे.

जून महिन्यात आपले पहिले सचिव गेले. करोनानं नाही, हृदयविकारानं, रात्री झोपेत. ज्यांनी या जागेसाठी चपला झिजवल्या, ज्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर आपल्या संस्थेचं दफ्तर पहिली दोन वर्षं फिरलं, तो माझा मित्र. संस्थेच्या ग्रुपवर निरोप आला. माझा मोबाईल बंद. मला कळलं चौथ्या दिवशी, भावाचा लेकीला फोन आला तेव्हा. अंत्यविधीला वीस माणसांचीच परवानगी होती, मी तसाही येऊ शकणार नव्हतो. पण वहिनींना त्या दिवशी फोन तर करू शकलो असतो. इतक्या वर्षांचा शेजार, आणि माझा फोन चौथ्या दिवशी. वहिनी काही म्हणाल्या नाहीत. "तुम्ही सुखरूप आहात ना भाऊजी?" एवढंच विचारलं.

त्या रात्री सौ.ना मी म्हटलं, बघ, तुझ्याच वाटेनं गेलो आणि हे झालं. त्या म्हणाल्या, "माझी वाट ही नव्हती. मी रोज आपल्या तीन घरांना फोन करत होते. त्या दिवशी नेमका वहिनींचा लागला नाही."

मला तेव्हा ते उमगलं. पूर्वी पत्राची सुरुवात कशी असायची? येथील सर्व क्षेम, तिकडील खुशाली कळवावी. आपल्या भाषेत बातमी हा वेगळा शब्द आहे आणि खुशाली वेगळा. खुशालीला पत्ता असतो, कुणीतरी कुणाला तरी विचारलेली असते. बातमी कुणालाच उद्देशून नसते. मी बातम्या बंद करताना खुशालीही बंद करून टाकली. त्याआधी बातम्या पाहत होतो तेव्हा खुशाली विचारायचं विसरलो होतो. दोन्ही वेळा चूक माझीच.

जुलैच्या शेवटी 'वंदे भारत'च्या विमानानं आम्ही नेवार्कहून मुंबईला आलो, सात दिवस हॉटेलात स्वखर्चानं विलगीकरणात राहिलो आणि गाडी करून घरी पोचलो. वहिनींकडे गेलो ते मास्क लावून, ओट्यावर उभा राहून.

आता आमचा नियम असा. वर्तमानपत्र सकाळी एक, टीव्हीवरच्या बातम्या संध्याकाळी अर्धा तास. लेकीशी रोज एक फोन, त्यात बातमी काढायची नाही. काय शिजवलं, नात काय म्हणाली, आपल्याकडं पाऊस किती. नियम मोडतोच अधूनमधून. या कार्यक्रमासाठी लेक-जावई नागपूरला उतरले तर जावयांचा आग्रह, समृद्धीनं यायचं नाही. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसं गेली, ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी हसलो नाही. ती भीती खोट्या गोष्टीची नाही. गाडीवाल्याला टायर तपासायला लावले, वाटेत दोनदा थांबायचं ठरवलं, आणि ते समृद्धीनंच आले. ते बघा, तिसऱ्या रांगेत बसलेत.

शेवटी संचालक मंडळाला एक विनंती. आपल्या संस्थेच्या ग्रुपवर दिवसाला शंभर संदेश येतात. त्यात युद्धं, अपघात, कुठल्या तरी देशात भारतीयांवर हल्ला, कुठला तरी डॉक्टर सांगतो की वांगी खाऊ नका. आणि टाकीचं पाणी आज किती वाजता सुटणार, हे त्यात सापडत नाही. माझं म्हणणं, दुसरा एक ग्रुप काढावा, नाव 'खुशाली'. त्यात फक्त आपल्या घरांचं. कुणाची तब्येत, कुणाचं बाळंतपण, कुणाच्या अंगणात कडुनिंब फुलला, कुणाकडं चार दिवस दिवा लागलेला दिसला नाही. बाहेरगावच्या पोरांनाही त्यात घ्या. दुसरीकडचं पुढं ढकललेलं काही टाकलं की टाकणाऱ्यानं सर्वांना चहा पाजायचा.

ठरावाचा सूचक मी. अनुमोदक म्हणून मी वहिनींचं नाव सुचवतो, त्या पहिल्या रांगेत आहेत आणि मान हलवताहेत असं मला इथून दिसतंय.