'उडान'मधली कल्याणी आणि ठाण्यातलं टेबल

 

गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, रजिस्टरवर सह्या-अंगठे झाले, की मालिकांचा विषय निघतोच. पोलिसांच्या मालिका तर आता मोबाईलवरही बघतात बाया. त्यांत बहुतेक ठरलेलं असतं. मोठं शहर, सडलेलं खातं, आणि एक खमके साहेब नाहीतर मॅडम येतात अन् सगळं सरळ करतात. आम्हालाही बघायला आवडतं, खोटं कशाला बोलायचं? पण या सगळ्यांच्या आधीची एक मालिका आहे, 'उडान'. तिच्यात नुसता दरारा नाही.

'उडान' १९८९ ते १९९१ या काळात दूरदर्शनवर लागायची. तेव्हा आम्ही पाळण्यात होतो, काहींचा तर जन्मही झाला नव्हता. आमच्या आया आणि सासवांना मात्र ती आठवते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली, तेव्हा आम्ही पाहिली. कविता चौधरींनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि कल्याणी सिंगचं कामही त्यांनीच केलं. सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी म्हणजे याच, असं सांगितलं की सासूबाईंची पिढी लगेच ओळखते.

ही कल्याणी साध्या घरातली मुलगी. शिकते, परीक्षा देते आणि पोलीस अधिकारी होते. कविताताईंनी ही गोष्ट हवेतून आणली नव्हती. त्यांच्या थोरल्या बहिणीची, कांचन चौधरी भट्टाचार्य यांची ती गोष्ट. कांचनताई १९७३ च्या तुकडीतल्या आयपीएस. किरण बेदींच्या नंतरच्या दुसऱ्या महिला. त्या पोलिसात का गेल्या, ते ऐका. मालमत्तेच्या वादात त्यांच्या वडिलांना मारहाण झाली होती आणि पोलीस तक्रार लिहून घ्यायला तयार नव्हते. पुढे २००४ मध्ये त्या उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. एखाद्या राज्याचं पोलीस दल बाईच्या हाती येण्याची देशातली ती पहिली वेळ.

म्हणजे सगळं सुरू झालं ते तक्रार न लिहिण्यापासून. आम्हाला या मालिकेतलं सगळ्यात खरं हेच वाटतं. कारण आपलीही गाडी तिथेच अडते, ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर.

आपल्याकडच्या बाया ठाण्याची पायरी चढायला भितात. लोक म्हणतात, अडाणी आहेत, लाजतात. तसं नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तो भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता, आता गडचिरोलीत आहे. उच्च न्यायालयाने पोलिसांना शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिलं. मग देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. इतिहास असा असताना भीती वाटली तर ती बाईची चूक कशी?

आता आमच्याकडचं सांगतो. ठाण्याचं नाव घेत नाही. गटातल्या एका ताईला नवऱ्याने लाकडाने मारलं, हाताचं हाड मोडलं. ती एकटी ठाण्यात गेली. 'घरचं भांडण आहे, समजोता करा, उद्या या.' दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जणी तिच्यासोबत गेलो. सोयाबीन काढणीचे दिवस, म्हणजे पाच जणींची मजुरी बुडाली. दुपारपर्यंत बसवलं आणि मग एक कागद हाती दिला. ताईला वाटलं, झालं काम. तो कागद होता एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा. अशा नोंदीवर न्यायालयाने सांगितल्याशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. हाड मोडणं मात्र कायद्याने गंभीर दुखापत आहे, दखलपात्र गुन्हा आहे. त्यासाठी एफआयआरच हवा. आम्ही दवाखान्याचा कागद जोडून पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला. अकराव्या दिवशी एफआयआर झाला.

या सगळ्यात कुठल्या मॅडमने येऊन टेबलावर हात आपटला नाही. पोस्टाची पावती कामी आली.

१ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. तिचं कलम १७३ लक्षात ठेवा. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. तोंडी सांगितलं तर ती लिहून घेऊन तुम्हाला वाचून दाखवायची असते. प्रत फुकट मिळते. नाही लिहिली, तर अधीक्षकांना लेखी कळवायचं, पोस्टानेही चालतं.

मोठ्या जागी बाया आल्या, याचा आम्हाला आनंदच आहे. २०१० मध्ये मीरा बोरवणकर पुण्याच्या पोलीस आयुक्त झाल्या, २०२४ मध्ये रश्मी शुक्ला महाराष्ट्राच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक. मुलींना हे सांगायलाच पाहिजे. पण मालिकेत साहेबांची बदली झाली की गोष्ट संपते, आपली नाही संपत. प्रकाश सिंह नावाचे निवृत्त पोलीस महासंचालक याच बदल्यांवरून, राजकीय दबावावरून सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २००६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की ठाण्याच्या प्रमुखापासून वरपर्यंत किमान दोन वर्षं द्या. तुमच्या ठाण्याचे साहेब किती दिवस टिकले, ते तुम्हीच मोजा.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत 'उडान'चा एक भाग मोबाईलवर सगळ्या मिळून बघू. नंतर त्या ताईच्या अर्जाचा नमुना, तिचं नाव काढून, वाचून दाखवू. तिने तशी परवानगी दिली आहे. वही-पेन आणा. जिला लिहिता येत नाही तिने लिहिणारी सोबत आणा, सून असो नाहीतर नात.