ताटातला बदल, एका वेळी एक



शिरूर-दौंडचा आपला भाग मूळचा बाजरीचा. घोड धरणाचे, खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला, हाती पैसा खेळू लागला. त्याबरोबर ताटही बदलले. भाकरी मागे पडली, चपाती-भात पुढे आला. चहा तर दिवसातून चार वेळा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. खुरपणीला गेलेल्या बाईला दुपारीच धाप लागते, त्याचे हे एक कारण असू शकते.

बाजरी, पालेभाजी, कडधान्य यांतून लोह मिळते, हे सर्वांना ठाऊक आहे. मग घडत का नाही? कारण खाणे सवयीने चालते, उपदेशाने नाही. म्हणून सवयीलाच हात घालायचा.

1. एका वेळी एकच बदल करा. आधी फक्त रात्रीची भाकरी बाजरीची.

2. नव्या गोष्टीला रोजच्या कामाची जोड द्या. धार काढून येताना बांधावरच्या शेवग्याचा पाला तोडून आणायचा, असे ठरवून टाका.

3. चांगले ते हाताशी ठेवा. बाजरीचे पीठ लवकर कडू होते, म्हणून चार-पाच दिवसांपुरतेच दळा. लिंबाची फोड ताटातच वाढा. लिंबामुळे लोह अंगी लागते.

4. चहा जेवणाला लागून नको, तासाभराने घ्या. चहामुळे लोह अंगी लागत नाही.

5. घरची बाई शेवटी जेवते आणि भाजी तोवर संपते. सर्वांनी एकत्र बसा. कारभाऱ्यांनी आधी आपण बाजरी मागावी, मग पोरे आपसूक खातील. पोरांना रागावून काही साधत नाही.

लंडनच्या संशोधकांनी 2010 साली मांडलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला कमी, कुणाला पुष्कळ जास्त. मध्ये एखादा दिवस चुकला तरी बिघडले नाही. तेव्हा लग्नकार्यात खंड पडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा.

खरिपात घरापुरती तरी बाजरी पेरा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहभागाने तयार झालेला ‘धनशक्ती’ हा वाण जादा लोहाचा आहे. आणि ज्यांना फार थकवा येतो, त्यांनी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. नुसत्या भाकरीवर विसंबू नये.

आज रात्रीपासूनच सुरुवात करा. राम राम.