वाळूतला माग आणि फुरसे



राजस्थानच्या थर वाळवंटात साप शोधणारे आधी वाळूवरचा माग पाहतात. तिरक्या, तुटक, समांतर रेघा दिसल्या की फुरसे आडवे सरकत गेले असे समजावे. दिवसा ते बिळात, दगडाखाली वा झुडपाच्या बुडाशी दडते. रात्री बाहेर पडते. डिवचल्यास खवले घासून करवतीसारखा आवाज करते.

हेच फुरसे कोकणात कातळावर, गडग्यांतही आढळते. म्हणून दगड उचलताना आधी काठीने हलवावा, रात्री बॅटरी व बूट वापरावेत. त्याच्या विषाने रक्त गोठेनासे होते. दंश झाल्यास चिरा देऊ नयेत, घट्ट दोरी बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. दंशाचा भाग न हलविता तातडीने रुग्णालय गाठावे. सर्पविषावरील लस हाच खरा उपाय होय.