दिवाणखान्यांतील वामनवृक्ष

ठाणें-बेलापूर रस्त्यालगतच्या शिरवणें गांवीं एके काळीं झाड कोठें लावावें हा प्रश्नच नव्हता. घरामागें परस, परसापलीकडे भातखाचरें आणि त्यांच्याहि पुढें खाडी. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली; ठाणें व आजचा रायगड या जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या नगराकरितां घेण्याचें ठरलें, आणि त्यांत शिरवण्याचीहि भातशेती गेली. आज गांवठाणांतील घरें एकमेकांस इतकीं भिडलीं आहेत, कीं पुष्कळ घरांच्या वाट्यास मातीची जागा म्हणून खिडकींतील एक कुंडीच काय ती उरली आहे. अशा घरास वीतभर कुंडींत फुलणारा वामनवृक्ष, ज्यास जपानी लोक बोनसाय म्हणतात, तो किती प्रिय वाटावा हें सांगावयास नको. परंतु तो हौसेनें आणावा, दिवाणखान्यांतील मेजावर मांडावा, आणि दीडदोन महिन्यांत वठून जावा, हा अनुभव घरोघरचा आहे. ज्या खोडास आकार येण्यास दहापंधरा वर्षें लागलीं, तें इतक्या अल्पावधींत कां मरतें, याचा विचार करणें अगत्याचें आहे.

पहिला दोष ‘घरांतील झाड’ या नांवांतच आहे. बोन म्हणजे उथळ तबक आणि साय म्हणजे लावणें. या शब्दांत घराचा उल्लेख नाहीं. ही कला चीनमधून जपानांत गेली व तेथें तिला आजचें रूप आलें. पण तेथील जाणते माळी आपले वृक्ष उघड्यावर, फळ्यांच्या मांडणीवर ठेवतात. बैठकीच्या खोलींतील तोकोनोमा नांवाच्या कोनाड्यांत वृक्ष येतो तो दोनचार दिवस, पाहुण्यासारखा. मग त्याची पुन्हा अंगणांत रवानगी होते. १९२३ सालच्या भूकंपानें तोकियो शहर उद्ध्वस्त झाल्यावर तेथील कांहीं माळ्यांनीं १९२५ सालीं ओमिया येथें नवी वसाहत केली, ती मोकळी जागा, चांगलें पाणी आणि शुद्ध हवा यांसाठीं. त्यांनीं झाडांसाठीं बिऱ्हाड हलविलें. येथें मात्र दूरचित्रवाणीचा संच हलवून झाडास खिडकी मोकळी करून द्यावी, एवढेंहि कोणाच्या मनांत येत नाहीं.

झाडाचें अन्न प्रकाशावर तयार होतें, हें शाळेंतील प्रत्येक मुलास पाठ असतें. पण कुंडी घरांत मांडतांना त्याचा विसर पडतो. यांत डोळ्याचाहि थोडा दोष आहे. उजेड कमी होतांच डोळ्याची बाहुली रुंदावते, आणि मनुष्यास खोली लख्खच दिसत राहते. वास्तविक दुपारच्या उन्हांत एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो, तर खोलीच्या मध्यभागीं तो पुष्कळदां अवघा दोनतीनशें लक्स भरतो. वर्तमानपत्र वाचावयास तो पुरतो. झाड त्यावर उपाशी राहतें. म्हणून पूर्वेकडील खिडकींत, गजांना अगदीं लागून कुंडी ठेवावी, कीं सकाळचें तीनचार तास ऊन तिला मिळेल. अशी खिडकी नसेल, तर गच्ची किंवा जिन्याचा कठडा हेंच झाडाचें घर मानावें, आणि फुलें उमललीं म्हणजे चार दिवस त्यास आंत आणावें. फांदीस तार गुंडाळणें व शेंडे खुडणें यांस कित्येक लोक क्रूरपणा म्हणतात. छाटलेल्या फांदीस निदान नवे धुमारे फुटतात. अंधाऱ्या कोनाड्यांतील झाडास कांहींच फुटत नाहीं. क्रूरपणा शोधावयाचा तर तेथें शोधावा.

बोगनवेल व अडेनियम यांचीं खोडें लवकर भारदस्त दिसतात. पण भर उन्हावांचून तीं झाडें नीट फुलत नाहींत. खिडकींतील अर्ध्या उन्हावर समाधान मानणारी ती कुंती, जिला कोणी कामिनीहि म्हणतात. लिंबाच्या व कढीलिंबाच्या कुळांतील हें झुडूप. पानें मुळांतच लहान, फुलें पांढरीं आणि वास संत्र्याच्या मोहोरासारखा.

आतां पाण्याविषयीं. खोलींतील कुंती तहानेनें मरते त्यापेक्षां पाण्यानें अधिक मरते. मुळांनाहि श्वास घ्यावा लागतो, आणि तो मातीच्या कणांमधील पोकळींतून. ती पोकळी सदोदित पाण्यानें भरलेली राहिली, कीं मुळें कुजतात. कुजलेलें मूळ पाणी ओढूं शकत नाहीं; मग पानें मलूल होऊन लोंबतात, पिवळीं पडतात. घरांतील आजी तीं पानें पाहते, झाड बिचारें तहानलें आहे असें समजते, आणि आणखी तांब्याभर पाणी ओतते. मायेनें केलेला हा घात होय. यासाठीं ठरल्या वेळीं रोज पाणी घालण्याचा नेम सोडून द्यावा. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी धुवून कुंडीच्या कडेस मातींत खोल खोंचावी व थोड्या वेळानें काढून पाहावी. काडी ओली निघाली तर त्या दिवशीं पाणी नको. जेमतेम दमट लागली तर घालावें. घालावयाचें तेव्हां झारीनें, तळाच्या भोंकांतून वाहूं लागेपर्यंत, आणि खालच्या बशींत सांचलेलें पाणी लगेच ओतून द्यावें. मे महिन्यांत काडी दिवसांतून दोनदां पाहावी लागेल. श्रावणांत ती दोनदोन दिवस ओलीच निघेल.

खाचरांतील चिकण माती भाताला उत्तम, कारण तिच्यांत पाणी उभें राहतें. त्याच कारणानें ती कुंडीस वाईट. खाडीची वाळू तर वापरूंच नये, तिच्यांत मीठ असतें. विटांचा चुरा चाळून धूळ टाकून द्यावी व ज्वारीच्या दाण्याएवढे खडे घ्यावे. त्याचे दोन भाग आणि मुरलेल्या शेणखताचा एक, हें मिश्रण चांगलें. दर दोनतीन वर्षांनीं, मृगाच्या सरी स्थिरावल्यावर, झाड काढून कडेचीं मुळें फार तर एकतृतीयांश कापावीं व नव्या मातींत बसवावें. त्यानंतर दोनतीन आठवडे कडक ऊन नको, खतहि नको.

ज्यांचें झाड हिरवेंगार आहे पण फुलत नाहीं, त्यांची तक्रार निराळी. कुंतीचा मोहोर नव्या फुटीच्या शेंड्यावर येतो. आकार नेटका राहावा म्हणून दर आठवड्यास कात्री चालविणारा मनुष्य आपल्या हातानेंच कळ्या कापून टाकीत असतो. छाटणी करावी ती बहर ओसरतांच. मग कात्री ठेवून द्यावी. कांहीं दिवस झाड अस्ताव्यस्त दिसलें तरी हरकत नाहीं. युरियानें नुसतीं पानें माजतात. महिन्यांतून एकदां चमचाभर कुजवलेली पेंड पुरते. कळ्या दिसूं लागल्यावर कुंडी हलवूं नये व माती ठणठणीत कोरडी होऊं देऊं नये. दोहोंनींहि कळ्या गळतात.

कीड पुष्कळदां खोलींतील कोरड्या हवेंत वाढते. पंख्याच्या झोतांत पानांखालीं लाल कोळी होतो. रस्त्याची धूळ बसली कीं तो अधिकच माजतो, म्हणून आठवड्यांतून एकदां पानें खालूनवरून धुवावीं. कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. साबणाच्या पाण्याच्या बोळ्यानें तो पुसून काढावा. मात्र ज्यांच्या दारीं लिंबाचें झाड आहे, त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सिला नांवाचा बारीक कीटक कुंतीच्या कोंवळ्या फुटीवर आवडीनें वाढतो, आणि तोच लिंबाच्या जातीच्या झाडांत ग्रीनिंग नांवाचा असाध्य रोग पसरवितो. अशा घरीं कुंतीची खिडकी लिंबाच्या विरुद्ध बाजूची असावी, आणि तिच्या शेंड्यांवर हीं पिलें दिसतांच ते शेंडे, कळ्यांसह का होईना, त्याच दिवशीं खुडून जाळून टाकावे.