हवेचा हिशेब मंडळावर होत नाही
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बैठकीत भाव, कर्ज आणि वीज यांवर बोलणे होतेच. आज आम्ही हवेवर बोलणार आहोत. हवेवर बोलायला सरकार पुरेसे आहे, असे कोणी म्हणेल. पण आपली कपाशी आणि ज्वारी विहिरीच्या भरवशावर नाही, आभाळाच्या भरवशावर उभी आहे. हवा कशी वागते हे नीट समजले, तर नुकसानीचा कागद तयार होताना गफलत कोठे होते तेही समजेल.

उदाहरण मुंबईच्या उपनगरांचे घेऊ. कोरडवाहूच्या बैठकीत मुंबई कशाला? कारण साधे आहे. आपल्याकडे शेजारच्या दोन गावांत पावसाचा फरक पडला, तर तो दाखवायला कागद नसतो. मुंबईत हवामान खात्याच्या दोन जुन्या वेधशाळा आहेत. एक दक्षिण टोकाला कुलाब्याला, दुसरी उपनगरात सांताक्रूझला. दोघींमध्ये अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. तिथला फरक सरकारच्याच वहीत लिहिलेला आहे.

वर चढणारी हवा

एक मीटर लांब, रुंद आणि उंच अशी पेटी घ्या. समुद्रकाठी तिच्यात १० अंशांची थंड हवा भरली, तर त्या हवेचे वजन साधारण सव्वा किलो होते. ४० अंशांची हवा भरली, तर ते सुमारे १२० ग्रॅमने कमी भरते. गरम हवा फुगते, म्हणून हलकी होते. शेजारची जड हवा तिच्या खाली घुसते आणि तिला वर उचलते. पाण्याखालून तेल वर यावे तसेच हे आहे.

मग वर गेलेली गरम हवा थंड का होते? सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडून पाहा. व्हॉल्व्हमधून येणारी हवा गार लागते, कारण दाबलेली हवा मोकळी होऊन पसरते आणि पसरताना गार होते. वर दाब कमी असतो, म्हणून चढणारी हवा पसरत जाते. कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते. दमट असेल तर तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात आणि ढग धरतो.

आता माठ आठवा. माठातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि ती वाफ पाण्यातली उष्णता घेऊन जाते, म्हणून पाणी गार राहते. ढगात याच्या उलट होते. वाफेचे पाणी होताना ती उष्णता परत मिळते. ढगातली हवा आणखी उबदार होते आणि आणखी वर चढते. वाफेचा पुरवठा चालू असला आणि वर थंड कोरडी हवा असली, तर ढग दहा-पंधरा किलोमीटर उंच वाढतो. चढत्या हवेने नेलेले थेंब गोठले की गारा होतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांनी राज्यातल्या उभ्या रब्बीचे काय केले, हे आपल्याला सांगायला नको.

२६ जुलै २००५ ला मुंबईच्या उपनगरांवर असेच उंच ढग उभे राहिले. समुद्रावरून दमट उबदार हवा येत राहिली आणि ढग जागचे फारसे हलले नाहीत. बहुतेक पाऊस दुपारनंतरच्या काही तासांत पडला. २४ तासांत सांताक्रूझला नोंद झाली ९४४ मिलिमीटर. आपल्या कपाशीच्या बऱ्याच भागात वर्षभरात एवढा पाऊस पडत नाही. त्याच २४ तासांत कुलाब्याची नोंद ७३ मिलिमीटर! एकट्या मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. साकीनाक्याला दरड वस्तीवर आली.

विचार करा. मुंबईत फक्त कुलाब्याचेच मोजमाप असते, तर वहीत काय लिहिले गेले असते? पावसाळ्यातला एक जोराचा दिवस, इतकेच. आणि अंधेरी-घाटकोपरचा माणूस सांगत राहिला असता की आमच्या घरात छातीएवढे पाणी होते.

खाली कोसळणारी हवा

ढगातून हवा खालीही येते. पावसाचे थेंब कोरड्या हवेतून पडताना वाटेतच थोडे आटतात, तेव्हा माठासारखी तिथली हवा गार होते. गार हवा जड असते. ती ढगाखालून कोसळते, जमिनीवर आपटते आणि चारी बाजूंना पसरते. वळवाच्या आधी अचानक गार वारा सुटतो आणि धूळ उठते, ती हीच हवा. पाऊस मागून येतो, वारा पुढे येतो.

१३ मे २०२४ ला दुपारी मुंबईत अशीच धुळीची वावटळ उठली. घाटकोपरला पेट्रोल पंपाशेजारचा प्रचंड जाहिरातफलक कोसळला आणि १७ माणसे मेली. परवानगीचा नियम चाळीस फुटांचा, फलक एकशेवीस फुटांचा. वाऱ्याला दोष देऊन भागणार नाही.

आपल्यासाठी धडा असा. वावरात असताना तापल्या दुपारी अचानक गार झुळूक लागली, तर ढग जवळ आला असे समजा. झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडच्या आडोशाला उभे राहू नका. पक्क्या घरात जा. त्या ढगात वीजही असते.

बसून राहणारी हवा

हिवाळ्यात आभाळ निरभ्र असले की रात्री जमीन लवकर निवते आणि तिला लागलेली हवाही निवते. ही जड हवा पाण्यासारखी उताराने वाहत खोलगट वावरात साचते. म्हणून टेकाडावरच्या ज्वारीपेक्षा खालच्या ज्वारीला थंडी जास्त लागते. मुंबईतही जानेवारीच्या पहाटे सांताक्रूझ कुलाब्यापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड असते, कारण कुलाब्याला समुद्राची ऊब मिळते. अशा पहाटे चुलीचा धूर वर न जाता आडवा पसरतो. धूर आडवा दिसला तर फवारणी करू नका. विषाचे बारीक तुषारही तसेच नाकातोंडापाशी तरंगत राहतात.

मग मागायचे काय?

तिन्ही गोष्टींत एकच सूत्र आहे. ढग, वारा आणि हिव ही जागेवर ठरतात. महसूल मंडळाची हद्द त्यांना माहीत नसते. आपल्याकडे मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी धरतात. 'महावेध' प्रकल्पात राज्यात दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रे बसली, पण हिशेब मंडळाला एक केंद्र असा. मंडळात गावे कितीतरी. केंद्राच्या गावात ४० मिलिमीटर आणि आपल्या शिवारात ११० पडला, तर आपली वाहून गेलेली माती कोणत्या वहीत लिहायची?

रडारचेही तसेच. २६ जुलैला मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. पुढे कुलाब्याला आले आणि जानेवारी २०२२ मध्ये अंधेरीजवळ वेरावलीला दुसरे सुरू झाले. मुंबईला दोन मिळाली याचे आम्हाला वाईट वाटत नाही, तिथे आपलीच पोरे राबतात. पण रडारचा किरण सरळ जातो आणि जमीन गोल वाकत जाते. दूरच्या तालुक्यावरून तो इतक्या उंचावरून जातो की खालचा ढग त्याला दिसतच नाही. म्हणून नागपूरच्या रडारवर सारा विदर्भ सोडून चालणार नाही.

तेव्हा या बैठकीने तीन मागण्या कराव्यात. प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक बसावा आणि रोजचा आकडा चावडीच्या फळ्यावर लागावा. मंडळाच्या केंद्रावर नोंद नाही एवढ्याच कारणाने कोणाचा पंचनामा नाकारू नये. आणि कोरडवाहू जिल्ह्यांना पुरतील इतकी रडार उभी करावीत.

सरकारची वाट न पाहता एक काम उद्यापासून करता येईल. साधा पर्जन्यमापक आणा. झाड आणि भिंत यांपासून दूर, उघड्यावर रोवा. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्याच वेळी, आकडा वहीत लिहा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा. गावात दहा वह्या झाल्या तर तलाठ्यासमोर आपण रिकाम्या हाताने उभे राहणार नाही. मुंबईच्या उपनगरांचे दुःख जगाला समजले, कारण तिथे मोजणारे होते. आपलेही मोजले गेले पाहिजे, आणि सुरुवात आपल्याच वावरापासून झाली पाहिजे.